अण्णांचा गो-स्लो

माझे वडील नाटक करतायत, असं मी दीड-दोन वर्षं धरून चाललो होतो. आधी हेच लिहून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणाला मी चांगला मुलगा वाटेन. मी त्यांना भरवलं, आंघोळ घातली, शेवटी खांदा दिला. भेटायला आलेले लोक म्हणाले, मुलगा असावा तर असा. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. पण ज्या काळात त्यांना माझी खरी गरज होती, त्या काळात मी त्यांच्यावर पाळत ठेवून होतो, हे त्यांच्यापैकी कुणाला सांगितलं नाही.

हा संशय आकाशातून पडला नव्हता. त्याची मुळं अण्णांच्याच एका गोष्टीत होती.

अण्णा लातूरकडून आयटीआय करून आले आणि पिंपरीच्या एका कंपनीत लेथ मशीनवर लागले. ती कंपनी आता नाही, तिच्या जागेवर टॉवर उभे आहेत. आम्ही आकुर्डीला दोन खोल्यांत राहायचो. सुट्टीच्या दिवशी दुपारचं जेवण झालं की अण्णा भिंतीला टेकून बसायचे आणि आई म्हणायची, "सांगा की ती हळू कामाची गंमत." आम्हाला ती पाठ होती, तरी हवी असायची.

कंपनी आणि युनियनमधली पगाराच्या कराराची बोलणी फिसकटली होती. संप केला तर पगार जातो, म्हणून युनियननं ठरवलं की कामावर यायचं, मशीनपुढं उभं राहायचं, पण काम हळू करायचं. त्याला सगळे गो-स्लो म्हणत. एकेक जॉब, म्हणजे घडवलेला सुटा भाग, चारदा मोजायचा. टूलला धार असली तरी पुन्हा लावायची. पाणी प्यायला जाताना चपला ओढत जायचं. सुपरवायझर येऊन विचारायचा, "काल एवढा माल निघाला, आज काय झालं?" मग अण्णा गरीब तोंड करून म्हणायचे, "हात विसरलेत साहेब."

एवढं सांगून ते आम्हाला करूनही दाखवायचे. शर्टाची गुंडी धरायची, काजापर्यंत न्यायची, चुकवायची, पुन्हा धरायची. चेहऱ्यावर असा काही गोंधळ आणायचे की आई पदर तोंडाला लावून हसायची. मी तर लोळायचो.

गोष्टीचा शेवट मात्र ते हसत सांगायचे नाहीत. त्यांच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या त्यांच्या विभागात, एक वयस्क कामगार होता, दम्यानं खरोखरच बेजार. गो-स्लोच्या गडबडीत साहेबानं त्यालाही सगळ्यांदेखत कामचोर म्हटलं. पुढं करार व्हायची वेळ आली तेव्हा युनियननं पहिली मागणी ठेवली, की साहेबानं त्या माणसाची माफी मागावी. साहेब तयार झाला, म्हणाला, केबिनमध्ये पाठवा त्याला. युनियन म्हणाली, केबिनमध्ये नाही, शॉपमध्ये. सगळ्यांसमोर, उभं राहून, मोठ्यानं.

"केबिनमधली माफी ही माफी नसती," अण्णा म्हणायचे. "तिथं साहेब च्या पाजतो अन् गोड बोलून सही घेतो."

मी डिप्लोमा केला आणि चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो. सुपरवायझर झालो, मग शॉपचा इनचार्ज. अण्णांनी पेढे वाटले आणि शेजाऱ्यांना सांगितलं, "आमच्याच घरात साहेब निपजला, आता कुणाला सांगता." त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला तेव्हाही कळलं नाही.

माझं अर्धं काम लोकांवर संशय घेण्याचं आहे. हे कुणी कामाच्या वर्णनात लिहीत नाही, पण आहे. पाठ धरली म्हणणारा पोरगा गेटबाहेर पडल्यावर बूट घालायला वाकतो का, ते मी बघतो. चक्कर येते म्हणणाऱ्याचं कँटीनमधलं ताट बघतो. सगळ्यांत जुनी आणि खात्रीची परीक्षा पाठ फिरवण्याची. कामचोर माणूस साहेब समोर असेपर्यंत हात हलवतो आणि साहेबाची पाठ फिरली की थांबतो. आपण चार पावलं जायचं आणि एकदम वळून बघायचं. इतकी वर्षं या परीक्षेनं मला फसवलेलं नाही.

आई गेल्यावर मी अण्णांना माझ्याकडे आणलं. माझा फ्लॅट चाकणच्या बाजूला आहे, कंपनीला जवळ म्हणून घेतलेला. त्यांना यायचं नव्हतं. "मी हितंच बराय," एवढंच ते म्हणत राहिले. आकुर्डीच्या घराला मी कुलूप लावलं आणि त्यांना गाडीत बसवलं. मोशी गेली, ट्रक आणि कंपन्यांच्या बसच्या गर्दीतून वाट काढत आम्ही चाकणला आलो. कांद्याच्या मार्केटचा वास गाडीत शिरला तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बदली झाली म्हणायची."

त्यानंतर गोष्टी बिघडायला लागल्या. अण्णा वरच्या मजल्यावरच्या लोकांची बेल वाजवायचे. नळ सोडून यायचे. टीव्हीचा रिमोट हातात घेऊन बसून राहायचे. सकाळी आंघोळ झाली का विचारलं तर झाली म्हणायचे, टॉवेल कोरडा असायचा. एकदा जेवताना त्यांनी मला विचारलं, "तुझी आई बाजारातनं आली न्हाई अजून?"

मी हातातला घास ताटात ठेवला. दुःखानं नाही. मला वाटलं, हा टोला आहे. आईच्या शेवटच्या आठवड्यात मी कंपनीचं ऑडिट आहे म्हणून दवाखान्यात कमी थांबलो होतो, आणि अण्णांनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. आता असं दाखवतायत, असं मी मनात म्हणालो.

बायको मला म्हणाली, "अण्णांना एकदा डॉक्टरला दाखवू या."

"त्यांना काही झालेलं नाही. त्यांना आकुर्डीला परत जायचंय."

"मग जाऊ द्या की."

"आज ऐकलं तर उद्या दुसरी मागणी येईल."

ती म्हणाली, "तुम्ही घरात बोलताय का कंपनीत?"

माझ्या डोक्यात तोवर सगळं पक्कं बसलं होतं. बदली मान्य नाही, संप करता येत नाही, म्हणून माणसानं गो-स्लो सुरू केलाय. हत्यार त्यांचंच, आणि मी लहानपणी त्याचं प्रात्यक्षिक बघितलेलं.

मग बस स्टॉपचं प्रकरण झालं. आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर कंपन्यांच्या बस थांबतात. सकाळी फर्स्ट शिफ्टची पोरं तिथं उभी असतात, त्यात माझ्या शॉपचीही काही. मी माझ्या गाडीनं जातो. एका सकाळी गेटबाहेर वळलो तर त्या पोरांच्या रांगेत अण्णा उभे. अंगात इस्त्रीचा जुना शर्ट, पायात घरातल्या स्लीपर, हातात रिकामा डबा.

मी गाडी थांबवली. "अण्णा, इथं काय?"

"गाडी यायलीय आत्ता," ते म्हणाले, आणि माझ्याकडून नजर काढून रस्त्याकडे बघायला लागले.

माझ्याच शॉपमधला एक ऑपरेटर पुढं आला. जरा अडखळत म्हणाला, "सर, काका म्हणत होते, घरात कोंडून ठेवतात म्हणून. आम्हाला माहीत नव्हतं तुमचे वडील आहेत ते." मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "सर घरी पण ओव्हरटाइम लावतात वाटतं." दोघंतिघं हसले.

मी अण्णांना दंडाला धरून वर आणलं. माझ्या लोकांसमोर मला उघडं पाडायला ते तिथं गेले होते, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. त्यानंतर ते पुन्हा पुन्हा जायचे आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, युनियनवाल्यांसारखी गेट मीटिंग घेतायत.

मी हॉलमध्ये कॅमेरा बसवला. बायकोला सांगितलं, अण्णांच्या काळजीपोटी. त्याचं चित्र माझ्या मोबाइलवर दिसायचं. कँटीनमध्ये जेवताना मी एका हातानं जेवायचो आणि दुसऱ्या हातात अण्णा असायचे. मला हवा तो पुरावा लवकरच मिळाला. अण्णांनी भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ काढलं, मागचं झाकण उघडलं, सेल काढून शर्टाच्या टोकानं पुसला, दोन्ही टोकं तपासून नीट बसवला, कानाशी धरून ऐकलं आणि घड्याळ खिळ्याला बरोबर अडकवलं. ज्या माणसाला टीव्ही लावता येत नाही, त्यानं हे केलं. मी ते बायकोला दाखवलं.

"बघ. आता बोल."

तिनं बघितलं आणि फोन मला परत दिला. "किती सुंदर काम करतात," एवढंच म्हणाली.

ती तरी माझ्या बाजूची आहे का, असं मला त्या दिवशी वाटून गेलं. संशयाचं असंच असतं. एकदा भट्टी पेटली की तिला कुठलंही जळण चालतं.

आता तो गुरुवार. आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते. बायको जुन्नरला माहेरी गेली होती, घरात मी आणि अण्णा दोघंच. सकाळी ते बनियनवर बाहेर येऊन बसले आणि शर्ट हातात घेऊन माझ्याकडे बघायला लागले. बायको रोज त्यांना शर्ट घालून द्यायची, हे मला आवडायचं नाही. मी ठरवलं, आज हा प्रश्न कायमचा मिटवायचा. गो-स्लो मोडायची कंपनीची एक रीत असते. काम नाही तर दाम नाही.

मी म्हणालो, "अण्णा, शर्ट तुमचा तुम्ही घाला. मग चहा."

त्यांनी शर्ट उलटा केला, सुलटा केला. कॉलर धरून उभा केला. मी समोर हात कमरेवर ठेवून उभा. त्यांनी बाहीत हात घातला, तो कॉलरमधून निघाला. माझ्याकडे बघून ते थोडं हसले. हसले म्हणून मला जास्त राग आला.

"हात विसरलेत साहेब," ते म्हणाले.

आईला हसवायला वापरलेलं तेच वाक्य, तोच चेहरा. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "बास झालं नाटक. कामचोरपणा माझ्या घरात चालणार नाही."

वडिलांना कामचोर म्हणालो. ज्यांनी लेथवर उभं राहून पायाच्या शिरा फुगवून घेतल्या, त्यांना. मग मी आतल्या खोलीत गेलो, दार लावून घेतलं आणि लॅपटॉपवर प्लॅनिंगचं काम करत बसलो. मधून बाहेर यायचो, शर्ट तसाच दिसायचा, पुन्हा आत जायचो. चहा मी दिला नाही. नाश्ताही दिला नाही. दुपारी बाहेर आलो तेव्हा अण्णांच्या खुर्चीखाली ओलं झालं होतं आणि ते शर्टानं फरशी पुसत होते. मी बादली भरून आणली. त्यांना धुतलं, कपडे घातले, वरणभात दिला. तो त्यांनी खाली मान घालून, घाईघाईनं खाल्ला, कुणी ताट काढून घेईल अशा घाईनं.

संध्याकाळी बायको यायची होती. तिनं विचारलं तर दाखवायला असावं म्हणून मी सकाळचं रेकॉर्डिंग उघडलं. मला त्यातला एकच तुकडा हवा होता. मी दार लावून आत गेल्यावर अण्णा शर्ट बाजूला टाकून निवांत पाय पसरतात, तो. तो असणारच याची मला खात्री होती. पाठ फिरवण्याची परीक्षा.

कॅमेऱ्यात मी आत गेलो. दार लागलं. अण्णांनी दाराकडे बघितलं, आणि मग ते कामाला लागले. मी समोर असताना जितकी धडपड करत होते, त्याहून जास्त. बाही पायात घालून बघितली. शर्ट जमिनीवर पसरून त्याच्याकडे बघत बसले, गुंड्या बोटानं एकेक चाचपल्या, पुन्हा उचलला, डोक्यावरून घेतला. मध्येच दाराकडे बघायचे, आणि कुणी येत नाही हे बघून आणखी घाई करायचे. साहेब परत यायच्या आत माल काढायचा होता त्यांना. मी मधून बाहेर येऊन गेलो की पुन्हा तेच. एकदा शर्ट जवळजवळ बसला, एक हात बरोबर गेला, दुसरा सापडेना, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातावर दुसऱ्या हातानं चापट मारली. लेथवर टूल अडकलं की मारतात तशी.

मी ते सगळं बघितलं. सकाळपासून दुपारपर्यंतचं, पुढं न ढकलता. ते एकदाही थांबले नव्हते.

बायको आल्यावर मी तिला फोन दिला. तिनं थोडंसं बघितलं, मग फोन पालथा ठेवला आणि आत जाऊन अण्णांच्या शेजारी बसली. माझ्याशी ती त्या आठवड्यात कामापुरतं बोलली.

मग अण्णांना चिंचवडच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. ज्यांनी भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त केलं होतं, त्यांनी कागदावर एक गोल काढला आणि सगळे आकडे एका कोपऱ्यात गोळा केले. डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. सवयीची कामं हातात बराच काळ राहतात, म्हणाले, पण रोजचे साधे कपडे घालणंसुद्धा जाऊ शकतं. याची कुणाला संगती लागत नाही, तुमच्यासारख्या पुष्कळ घरांत गैरसमज होतो. मग त्यांनी विचारलं, हे कधीपासून आहे?

"तीन-चार महिने झाले असतील," मी म्हणालो.

"दीड वर्ष तरी," बायको म्हणाली, टेबलाकडे बघत.

गोळ्या आधी सुरू केल्या असत्या तर फार फरक पडला असता, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पडला नसता, असंही म्हणाले नाहीत. मी बाहेर आल्यावर त्यांच्या प्रत्येक शब्दाची उलटतपासणी केली आणि त्यात मला निर्दोष सोडणारं काही सापडलं नाही.

त्यानंतर मी बदललो, असं म्हणायला हरकत नाही. कंपनीत शिफ्ट बदलून घेतली, दुपारी घरी यायला लागलो. पण अण्णाही बदलले होते. त्या गुरुवारनंतर मी त्यांचा मुलगा राहिलो नव्हतो. मी साहेब झालो होतो. त्यांना बाकीचं सगळं विसरायला होत होतं, सुनेचं नातं, जेवण, संडासचं दार. साहेब मात्र त्यांच्या बरोबर लक्षात राहिला.

आता पाळत ते ठेवायचे. मी खोलीत आलो की बोलणं थांबायचं. मी पाणी दिलं तर ते उजेडात धरून बघायचे. गोळी दिली की बोटांत फिरवून म्हणायचे, "ह्यात काय घातलंय साहेब?" पोळीचे तुकडे खिशात लपवायचे, कारण साहेब कधी जेवण बंद करील सांगता येत नाही. बायकोला हळूच विचारायचे, "गेला का?" ती म्हणायची, "अण्णा, तो तुमचाच मुलगा आहे." ते मान हलवायचे, पटलं म्हणून नाही, तिला वाईट वाटू नये म्हणून.

मी माफी मागायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा त्यांच्या खोलीत, दार लोटून, त्यांच्या पायाशी बसून. "अण्णा, माझं चुकलं." त्यांनी पाय वर ओढून घेतले आणि दोन्ही हात काखेत दाबून धरले.

"मी सही करनार न्हाई," ते म्हणाले.

"सही नाही मागत अण्णा. माफी मागतोय."

"गोड बोलू नका. सगळं ठाव हाय मला."

नंतर मी चहा घेऊन गेलो. तो त्यांनी घेतला नाही. मी जितका हळू बोलायचो तितके त्यांचे हात काखेत आणखी आत जायचे. एकदा मला रडू आलं, तर त्यांनी बायकोला हाक मारून सांगितलं, "वहिनी, साहेब नाटक करायलाय."

ते ऐकून ती हसली, आणि मग आम्ही दोघंही हसलो. खूप दिवसांनी घरात असं काही झालं होतं.

बस स्टॉपचं कोडं तिनंच सोडवलं. त्यांना अडवलं की ते दिवसभर दार ठोकत, म्हणून तिनं अडवणं सोडून दिलं. सकाळी डबा हातात देऊन ती त्यांना खाली घेऊन जायची. बस यायची, पोरं चढायची. त्यातलाच तो ऑपरेटर दारातून ओरडायचा, "काका, तुमची आज सेकंड शिफ्ट. घरी जाऊन झोपा." दुसरा म्हणायचा, "भावा, काका लकी आहेत, आम्हाला कोण झोपू देतंय." अण्णा हात वर करायचे आणि समाधानानं घरी परत यायचे. हे सगळं मला कळलं तेव्हा ते बरेच दिवस चालू होतं. माझ्यापासून ते लपवून ठेवलं होतं. मी त्याचीही चौकशी लावीन, असं तिला वाटलं असणार.

अण्णा गेल्या हिवाळ्यात गेले. शेवटी चालणं थांबलं होतं, मग गिळणं थांबलं, मग न्यूमोनिया झाला. दहाव्याला आम्ही पवनेच्या घाटावर गेलो. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली नव्हती त्यांची. सगळ्यांना बरं वाटलं. मला त्या कावळ्याचाही भरवसा वाटला नाही. अण्णा आयुष्यभर सगळ्या गोष्टींची बोलणी करत आले, इतक्या लवकर तडजोड करणारा माणूस नव्हता तो.

कॅमेरा अजून हॉलमध्ये आहे. काढू, काढू म्हणतो. दुपारी कंपनीत असताना फोन वाजतो, हॉलमध्ये हालचाल झाली म्हणून. मी उघडून बघतो. पडदा हललेला असतो. खुर्ची रिकामी. रेकॉर्डिंगमधला तो गुरुवार आपोआप पुसला गेला, नव्याला जागा करायला. मी तो जपून ठेवला नाही, आणि तो मुद्दाम ठेवला नाही का, हे मला नक्की सांगता येत नाही.

एक गोष्ट मागं ठेवली होती, ती आता सांगतो. अण्णांचं चालणं संपत आलं होतं तेव्हाची. पाय घसटत चालायचे, स्टॉपपर्यंत पोचायला फार वेळ लागायचा. बायको म्हणाली, आता दोन-चार दिवसच जमेल असं वाटतंय. मी तोवर कितीदा खोलीत जाऊन माफी मागितली होती आणि कितीदा ते हात काखेत गेले होते. त्या सकाळी गाडीची किल्ली घेताना मला एकदम उमगलं, की मी सारखा त्यांना केबिनमध्ये बोलावत होतो. दार लोटून, हळू आवाजात, चहा घेऊन. त्यांनीच लहानपणी सांगितलं होतं, ती माफी नसते म्हणून.

मी गाडी काढली नाही. गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र तसंच ठेवलं आणि त्यांच्या मागून स्टॉपवर गेलो. पोरं होती, माझ्या शॉपची आणि इतर कंपन्यांचीही. तो ऑपरेटर म्हणाला, "काय सर, गाडी बंद पडली का?" मी नाही म्हणालो. अण्णांनी मला बघितलं आणि ते बायकोच्या मागं सरकले. हात काखेत. "साहेब आला," ते तिला म्हणाले. तिनं माझ्याकडे बघितलं, आता हे काय नवीन, अशा नजरेनं. तिचाही माझ्यावरचा विश्वास तेवढाच उरला होता.

पुढं अण्णांनी काय केलं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे त्यात माझी सुटका शोधायचा मोह मला होणार नाही. माझं बोलून झाल्यावर त्यांनी शेजारच्या पोराला विचारलं, "हा साहेब कुठल्या डिपार्टमेंटचा?" पोरगा म्हणाला, "आमचाच आहे, काका." अण्णांनी मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं आणि म्हणाले, "मग ठीक हाय. बसू दे त्याला गाडीत." त्यांचे हात काखेतून बाहेर आले होते. तेवढ्यात बस वळणावर दिसली होती, तिला हात करायलाही ते बाहेर आले असतील. त्यांना काय कळलं, मी कोण वाटलो, हे मला माहीत नाही आणि आता कळायचं नाही.

मी काय म्हणालो तेवढं मला माहीत आहे. पोरांच्या पुढं येऊन, रस्त्यावरच्या ट्रकच्या आवाजावर आवाज चढवून मी म्हणालो, "सगळ्यांनी ऐका. हे माझे वडील. ह्यांचे हात खरोखर विसरले होते आणि मी ह्यांना कामचोर म्हणालो. सकाळपासून दुपारपर्यंत शर्ट हातात देऊन उपाशी बसवलं. ह्यांनी आयुष्यात कधी कामचुकारपणा केला नाही, त्या दिवशीही केला नाही. चूक माझी होती. अण्णा, मी इथं, सगळ्यांसमोर, उभा राहून तुमची माफी मागतो."